चौदा मीटर खाली

दारावरची यादी मी रोज मोठ्यानं वाचतो,
पाठ झाली असली तरी.
काडेपेटी नाही. केसांना तेल नाही. नायलॉन नाही.
बांगड्या, पावडर, मोबाईल, काहीच नाही.
नरसव्वा बोद्धूल म्हणते,
"चाळीस वर्षं विड्या वळल्या, साहेब,
एक पण पेटवली नाही."

तरी मी तिची बोटं बघतो.
तेंदूच्या पानाचा डाग नखांच्या मुळाशी बसलाय,
साबणाला तो दाद देत नाही.
अंगात सुती गाऊन,
अक्कलकोट रोडच्या कुठल्यातरी मागावरून उतरलेला.
ठिणगी पडू नये म्हणून सूत.
या गावाला सूत कमी नाही.

ती स्ट्रेचरवरून काचेच्या नळकांड्यात सरकते,
मी दार आवळतो
आणि माईकवर सांगतो, "कान दडपले तर आवंढा गिळा."
काटा चढतो.
दोन पूर्णांक चारला चौदा मीटर पाण्याचा भार,
असं मला शिकवलंय.
तिच्या कुंभारीच्या घरकुलात पाचव्या दिवशी नळ येतो,
तोही पहाटे.
इथं रोज एवढं पाणी
तिच्या अंगावर ठेवतो मी,
थेंबही न सांडता.

डॉक्टर हत्तुरे बाईंनी पहिल्या दिवशी
कागदावर एक गोल काढला होता.
मधोमध पेन्सिल घासून काळा केला.
"गाठीच्या आत इथं हवा पोचत नाही.
उपाशी राहून राहून निबर झाल्यात त्या पेशी,
किरण येतो, त्यांचं फारसं बिघडत नाही.
हवा मिळाली तर मरतील."
नरसव्वा बराच वेळ गोलाकडे बघत होती.
"म्हंजे श्वास देऊन मारायचं."
"हो. जमलं तर."
"आणि नाही जमलं तर?"
बाई खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा दोष.
"काही ठिकाणी फायदा दिसला, काही ठिकाणी नाही.
किरण तर चालूच राहणार."
नरसव्वानं सही केली. तेलुगूत.

सहा महिने अंगावरून जात होतं,
ती पानं भिजवायच्या फडक्यातलं
एक फडकं वेगळं ठेवायची, बस.
कारखान्यात चेकर रोज तिच्या हजारातल्या
तीस-चाळीस छाट काढायचा,
ढिली, वाकडी, तोंड नीट न मुडपलेली.
घरी कुणी तपासणारं नव्हतं.

काचेतून ती बोटं हलवते.
मला वाटलं बोलावतेय.
मग कळलं, वळतेय.
पान नाही, तंबाखू नाही, दोरा नाही,
तिच्याकडे नुसता प्राणवायू आहे
आणि ती त्याच्या विड्या वळतेय,
पंचवीस झाल्या की बोटानं कट्टा बांधतेय.
मी मोजलं नाही असं सांगेन,
पण चार कट्टे झाले.

वर यायला दहा मिनिटं लागतात.
मग खरी घाई.
रक्तातली हवा उतरायच्या आत
मशीनखाली पोचवायचं,
पंधरा मिनिटं, फार तर वीस.
गुरुवारी लिफ्ट मध्येच बंद, वीज गेलेली.
जनरेटर खोकत होता.
मी आणि वॉर्डबॉय मल्लिनाथ
खुर्ची ढकलत रॅम्पवरून धावलो,
चपला निसटल्या, एक नर्स भिंतीला चिकटली.
"बोलू नका, नरसव्वा, नुसतं जपून ठेवा."
ती गाल फुगवून बसली,
जत्रेत फुगा धरलेल्या पोरीसारखी,
आणि वळणावर तिला हसू आवरेना,
सगळं फुस्स.

"गेली गाली," म्हणाली.
हिंदीत ती शिवी.
तिच्या घरात तो वारा.

बंकरचं दार बंद झालं तेव्हा
घड्याळात सतरा मिनिटं झाली होती.
मी बाहेर बाकावर बसलो, अनवाणी,
धाप लागलेली,
छातीत एवढी हवा
आणि कुणाला द्यायची सोय नाही.

अजून अकरा फेऱ्या आहेत.
उद्या यादी वाचताना
ती परत विडीचंच काहीतरी म्हणेल.